नळी झिजली, असं टाउनो म्हणाला

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. एका भल्या माणसाने माझ्याविषयी एकदा खोटे सांगितले. ते दुसऱ्या एका भल्या माणसासाठी सांगितले होते, म्हणून मी तक्रार केली नाही. करायची म्हटली असती तरी मला वाचा कुठे होती? आमच्या जातीला एकच शब्द बोलता येतो, आणि तो कानावर पडताच सगळे कान झाकून घेतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. पोलादाच्या भरीव कांबीला आरपार भोक पाडले, त्या भोकात आतून गोळीला गिरकी देणारे पीळ कोरले आणि माझी नळी झाली. दुसऱ्या खोलीत अक्रोडाच्या फळीतून यंत्राने दस्ता, म्हणजे माझे लाकडी अंग, कातला. मग एका बाईने मला त्या दस्त्यात बसवले आणि खालून दोन स्क्रू आवळले. तिच्या टेबलावरून दिवसाला शेकडो बहिणी जात. माझे पोलाद आणि माझे लाकूड एकमेकांशी नीट जुळते की नाही, हे बघायला तिला वेळ कुठला? दस्त्याच्या पुढच्या टोकाशी लाकडाचा एक उंचवटा मुद्दाम ठेवलेला होता. तो माझ्या नळीला खालून रेटत असे. या रेट्याने नळी स्थिर राहते, असे कारखान्यातली माणसे म्हणत. कोरड्या दिवसांत राहायचीही. तपासनीसाने माझ्यातून तीन गोळ्या झाडल्या, कागदाकडे बघितले, मान हलवली आणि माझ्यावर शिक्का मारला.

मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका गावात येऊन पोहोचले. तिथल्या दुकानातून मला रेइनो हाउतालाने घेतले. ही १९६६ सालची गोष्ट. रेइनो लोखंडाच्या खाणीत मालवाहू गाडी चालवायचा. अंगाने धिप्पाड, बोलायला कमी. त्याचे हात एवढे मोठे होते की माझी मूठ त्यात हरवून जायची. पण मित्रांनो, एवढे हलके हात मला पुन्हा मिळाले नाहीत. घरी त्याची बायको हेल्मी होती आणि आठ वर्षांची मुलगी मर्ना.

पहिल्याच शनिवारी त्याने मला खडीच्या खाणीत नेले, शंभर यार्डांवर कागद लावला आणि माझ्या पाठीवर बसवलेली दुर्बीण नेमाशी जुळवली. गोळ्या बशीएवढ्या जागेत पडल्या. "हरणाला पुरे," असे स्वतःशीच म्हणून तो मला घरी घेऊन आला.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्याआधी तीन दिवस रेइनो आणि हेल्मीचा भाऊ उर्हो जंगलातल्या लाकडी खोपीत जाऊन राहिले. तीन दिवस ओला बर्फ पडत होता. खोपीत ओले कोट सुकत होते, कॉफी उकळत होती आणि मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या दस्त्याने ती सगळी ओल पिऊन घेतली. लाकूड फुगले. तो पुढचा उंचवटा माझ्या नळीला आणखी जोरात रेटू लागला. मला ते जाणवत होते. मी आता जिथे बघते आहे तिथे गोळी जाणार नाही, हे मला ठाऊक होते. पण सांगू कशी?

पंधरा तारखेला सकाळी एक मोठ्या शिंगांचा नर देवदारांच्या दाटीतून बाहेर आला. रेइनोने श्वास सोडला, नराच्या खांद्यामागे, काळजावर नेम धरला आणि चाप ओढला. नेम अचूक होता, हे मी शपथेवर सांगते. पण गोळी वीतभर मागे, पोटात गेली.

नर उडी मारून पळाला. बर्फावर थोडेसे रक्त दिसले, तेही काळपट, हिरवट. पोटात लागल्याची ती खूण बघून रेइनोचा चेहरा पडला. त्याने आणि उर्होने अंधार पडेपर्यंत माग काढला. दुसरा दिवस पूर्ण गेला. संध्याकाळी उर्हो कंटाळला.

"दाजी, हरीण मारायचं होतं की नुसतं हाकलायचं होतं?" तो म्हणाला. "हाकलायचंच होतं, तर टाळ्या वाजवायच्या. काडतूस तरी वाचलं असतं."

रेइनोने उरल्या उजेडात पुन्हा एकदा बर्फावर रक्ताचा थेंब शोधला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच मला घेऊन निघाला. ओढ्याच्या काठी तो नर पडलेला सापडला. रेइनोने हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला. अंग अजून गरम होते. म्हणजे तो दोन दिवस आणि दोन रात्री जिवंत होता. रेइनोने डोक्यावरची टोपी काढली आणि बर्फात तसाच बसून राहिला. मी त्याच्या मांडीवर होते. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर हेल्मीने विचारले, "अरे, झालं काय?"

"मी नेम बरोबर धरला होता."

"मग?"

"मग मला माहीत नाही."

हेल्मीने त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला. "माहीत होईपर्यंत झाडू नकोस," ती म्हणाली.

त्या वर्षी त्याने पुन्हा मला खांद्याला लावले नाही.

आमच्या गावात टाउनो साल्मेला नावाचा माणूस होता. खाणीच्या यंत्रशाळेत त्याची उभी हयात गेली होती. घरामागच्या शेडमध्ये तो लोकांच्या बंदुका दुरुस्त करायचा. डिसेंबरात रेइनो मला घेऊन त्याच्याकडे गेला आणि त्या हरणाची हकीकत सांगितली. टाउनोने सगळे ऐकले.

"बंदूक विकून टाकू का?" रेइनोने विचारले.

"बायकोशी भांडण झालं की तू घर विकतोस का? बस तिथं."

त्याने आधी माझे सगळे स्क्रू तपासले. दुर्बिणीच्या बैठकीचा एक स्क्रू पाव फेरा सैल निघाला. "लोक आधी नळीला शिव्या घालतात, मग कारखान्याला," तो म्हणाला, "आणि स्क्रू बिचारा गप्प बसून मजा बघतो." मग त्याने कागदाची एक पट्टी घेतली आणि माझी नळी व दस्ता यांच्यामधून मागून पुढे सरकवत नेली. पुढच्या टोकाशी पट्टी अडकली. टाउनो हसला.

"हे बघ. इथं दाबतंय. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते, वाजवलेल्या तारेसारखी. दर वेळी सारखीच थरथरली तर गोळी सारख्या जागी जाणार. पण हे लाकूड आज कोरडं, उद्या ओलं. आज कमी रेटतं, उद्या जास्त. मग ती बिचारी काय करणार?"

रेइनोने ती पट्टी स्वतः एकदा सरकवून पाहिली. "म्हणजे तिचा दोष नव्हता," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, माझ्या बाजूने बोललेले ते पहिले वाक्य.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ. दर शनिवारी रेइनो शेडमध्ये यायचा आणि टाउनोच्या हाताखाली काम करायचा. त्यांनी दस्त्यातला तो उंचवटा खरवडून काढला. आता माझी नळी कुठेही न टेकता मोकळी राहिली. जिथे माझे पोलाद लाकडात बसते, तिथे त्यांनी दोन डब्यांतला घट्ट होणारा गोंद कालवून भरला आणि मला त्यात बसवून ठेवले. गोंद वाळल्यावर माझ्या अंगाचा बिनचूक ठसा तिथे उमटला. त्यानंतर मी दस्त्यात केसभरही हलले नाही. दस्त्याला आतून रोगण लावले, म्हणजे लाकूड पुन्हा पाणी पिणार नाही. नळीच्या तोंडाला एक बारीक टवका गेला होता. टाउनोने ते तोंड नव्याने कातून गोल, गुळगुळीत केले. "गोळी जाताना शेवटचा हात इथंच लागतो," तो म्हणाला. "निरोप वाकडा झाला की वाट वाकडी." माझा चाप फार जड होता. तो ओढताना नेम हलायचा, म्हणून तोही हलका केला, पण बेताने. गोळ्यांच्या कवचाचे नळीत साचलेले तांबे द्रावणाने धुऊन काढले. शेवटी चार वेगवेगळ्या बनावटींची काडतुसे आणून मला कुठले मानवते तेही बघितले.

एप्रिलमध्ये खडीच्या खाणीत त्यांनी माझी परीक्षा घेतली. रेइनोने वाळूच्या पिशव्यांवर मला टेकवले आणि मधे मधे नळी थंड होऊ देत तीन गोळ्या झाडल्या. कागदाजवळ गेल्यावर तो तिथेच थांबला.

"काय रे?" टाउनो लांबून ओरडला. "एकही लागली नाही वाटतं?"

"एकच भोक दिसतंय, टाउनो."

टाउनो चालत आला आणि चष्मा वर करून त्याने कागद पाहिला. तीन भोके एकमेकांत मिसळून गेली होती. "एक नाही, तीन आहेत," तो म्हणाला. "पण एकमेकांना चिकटून बसलीत. थंडी आहे ना."

त्या दिवसापासून रेइनो मला सुई म्हणू लागला.

पुढची एकोणीस वर्षे आम्ही जंगलात गेलो. मोसमाच्या आधी खडीच्या खाणीत तीन गोळ्या झाडून तो खात्री करून घ्यायचा. दोनशे पावलांपलीकडचे जनावर कितीही मोठे असो, तो खांद्याला मला लावायचाच नाही. मनाजोगती उभी राहिली नाहीत म्हणून त्याने किती हरणे जाऊ दिली, याची मोजदाद नाही. जी पडली ती जागच्या जागी पडली. मर्ना मोठी झाली तशी तीही आमच्याबरोबर यायला लागली, आणि माझा चाप कसा हळूहळू दाबायचा ते रेइनोने तिला माझ्यावरच शिकवले. उर्होची जीभही वळली. "दाजी, तुमची सुई एक दिवस द्या ना," तो दरवर्षी म्हणायचा. रेइनो म्हणायचा, "बायकोचा भाऊ आहेस म्हणून घर मागितलंस तर विचार करीन. ही नाही."

मग १९८६ सालचा ऑक्टोबर आला.

रेइनोने खाणीत नेहमीसारखा कागद लावला. मी पिशव्यांवर टेकले होते, पण मला पुढून धरणारा त्याचा डावा हात नेहमीसारखा नव्हता. तो आतून थरथरत होता. चापावरचे बोट हळूहळू दाबत नव्हते, झटका देत होते. तीन गोळ्या ताटाएवढ्या जागेत पसरल्या. त्याने पुन्हा तीन झाडल्या. त्या आणखी पसरल्या.

त्याने माझे स्क्रू तपासले, कागदाची पट्टी फिरवली, नळी धुतली, काडतुसे बदलली. टाउनोने शिकवलेले एकूण एक करून बघितले. दोन आठवडे तो रोज मला खाणीत नेत होता. घरी त्याच्या हातातला कॉफीचा पेला बशीवर वाजायचा. हेल्मी तिकडे बघायची. तो म्हणायचा, "थंडी पडली यंदा लवकर." आणि पेला खाली ठेवून द्यायचा.

शेवटी त्याने मला टाउनोच्या टेबलावर नेऊन ठेवले. "हिला काहीतरी झालंय," तो म्हणाला. "बघ जरा."

"शनिवारी ये," टाउनो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टाउनो एकटाच मला खाणीत घेऊन गेला. सत्तरी पार केलेला म्हातारा, पण हात दगडासारखे स्थिर. त्याने माझ्यातून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही बटणाएवढ्या जागेत बसल्या. मला केवढा अभिमान वाटला! मला वाटले, आता हा रेइनोला जाऊन सांगेल की सुई तशीच आहे. पण तो कागद हातात घेऊन टाउनो गाडीच्या फळीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

त्या दुपारी हेल्मी शेडमध्ये आली. टोपलीत तिने भाजलेला वेलदोड्याचा पाव होता. मी टेबलावर पडून सगळे ऐकत होते.

"फार बिघडलीय का?" तिने विचारले.

"हेल्मी, बंदुकीला काहीही झालेलं नाही."

ती स्टुलावर बसली. "मला वाटलंच होतं. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं, कंपवात आहे म्हणून. हा घरी येऊन म्हणतो, डॉक्टर कालचा पोरगा, त्याला काय कळतंय."

"त्याला खरं सांगायला हवं."

"सांग ना. पण त्यानंतर तो काय करील तेही मला सांग. तो म्हणेल, हात थोडा हलला म्हणून काय झालं, जवळून मारीन. आणि पंधरा तारखेला जाईल जंगलात." ती थांबली. "ते पहिलं हरीण तुला माहीत आहे. आजही कधी कधी झोपेत बोलतो. पुन्हा तसं झालं, तर नाही रे सोसायचा तो."

"आणि मी बंदूक बिघडली म्हटलं, तर दुसरी घेईल की."

"दुसरी?" हेल्मी जरा हसली. "तू ओळखतोस ना त्याला?"

ती गेल्यावर टाउनोने खिशातला कागद काढला आणि शेगडीचे दार उघडून आत टाकला. माझा शेवटचा खरा शब्द त्या कागदावर होता. तो क्षणात जळून गेला.

शनिवारी रेइनो आला. दारातूनच त्याने विचारले, "काय निघालं?"

टाउनो फडक्याने हात पुसत राहिला. "नळी झिजली आहे, रेइनो."

"झिजली?"

"काडतूस बसतं ना, त्याच्या पुढे. आतल्या आगीनं पोलाद खाल्लं जातं."

"मी वर्षाला वीस गोळ्या झाडतो, टाउनो. वीस."

"एखादीचं पोलाद मऊ असतं."

रेइनो टाउनोकडे बघत उभा राहिला. टाउनो टेबलाला बसवलेल्या पकडीच्या दांड्याकडे बघत होता.

"नवी नळी बसवता येईल?"

"येईल. पण आता तुझ्या माझ्या वयाला..."

"खरं आहे," रेइनो म्हणाला. त्याने मला उचलले. त्याचे हात थरथरत होते, आणि त्याने ते लपवले नाहीत. दारापाशी जाऊन तो वळला. "टाउनो, तुझी तपासणी आजवर कधी चुकली नाही."

"नाही."

"मग झालं तर."

त्या संध्याकाळी रेइनोने तळघरात बसून मला साफ केले. तेलाची बाटली त्याच्या हातून कलंडली आणि बरेचसे तेल जमिनीवर गेले. उरले होते तेवढे त्याने फडक्याने माझ्यावर फिरवले. हेल्मीने नाताळात दिलेली, आतून लोकरीचे अस्तर असलेली एक जाड पिशवी होती. त्याने मला त्या पिशवीत घातले. पिशवी बंद करता करता तो थांबला आणि माझ्या नळीवर तळहात ठेवून म्हणाला, "चल, सुई. तुझं नाव पुढं करून सुटलो मी."

त्याला सगळे कळले होते, मित्रांनो. पण ते फक्त मला कळले.

मी त्याच्यावर रागावले नाही. ज्या माणसाने त्या हरणासाठी टोपी काढली, त्याच्यासाठी झिजकी म्हणवून घेण्यात मला कमीपणा नव्हता. दुःख वेगळेच होते. त्याने मला मायेने लोकरीत गुंडाळले होते, आणि लोकर ओल धरून ठेवते. तळघराच्या पलीकडच्या भागात सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, होती. दर शनिवारी तापलेल्या दगडांवर पाणी पडून चर्र आवाज यायचा, वाफ लाकडी भिंतीतून झिरपायची आणि लोकरीत येऊन बसायची. पहिल्या वर्षी माझ्या नळीवर तांबूस ठिपके आले. दुसऱ्या वर्षी ते आत उतरले. मी वाट बघत असे की कुणी तरी पिशवी उघडील आणि मला हवेवर ठेवील. पण झिजलेल्या बंदुकीची पिशवी कोण कशाला उघडील?

वरच्या खोलीतली पावले मला ऐकू यायची. रेइनोची दमदार पावले हळूहळू फरपटायला लागली. उर्हो दर नोव्हेंबरात हरणाचे मांस घेऊन यायचा. एकदा तो म्हणाला, "दाजी, सुई बोथट झाली म्हणून शिवण सोडायची का? माझी बंदूक घ्या, चला." रेइनो म्हणाला, "तुझ्या बंदुकीनं मी टाळ्यासुद्धा वाजवणार नाही." दोघेही खूप हसले. मग उर्होची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तो लवकर निघून गेला.

मर्ना आता डुलूथ शहरात राहत होती. ती नाताळात आली की तळघरातून जॅमच्या बाटल्या न्यायची. एका वर्षी तिचा पाय माझ्या पिशवीला लागला. तिने वर बघून हाक मारली, "बाबा, ही झिजकी अजून ठेवलीय कशाला? भंगारात तरी द्या!"

"असू दे गं," वरून त्याचा आवाज आला. "तुझं काय खाते ती?"

हेल्मी आधी गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९५ च्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळत असताना रेइनो गेला. मर्नाने घर आवरायला घेतले आणि पिशवी उघडली. मला बघून तिने तोंडावर हात ठेवला. माझा निळसर पोलादी रंग गेला होता. लोकर माझ्या अंगाला चिकटली होती.

ती मला घेऊन टाउनोकडे गेली. तो त्र्याऐंशीचा झाला होता, कानांनी अधू, पण शेड तशीच होती.

"टाउनोकाका, नळी झिजलेली आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण वरून जरा साफ करून द्याल का? बाबांची आठवण म्हणून ठेवीन."

टाउनोने मला हातात घेतले. बोटाने नळीवरचा गंज चाचपला.

"मर्ना, हिची नळी झिजली नव्हती."

"म्हणजे?"

"तुझ्या बाबांच्या हातांचं दुखणं होतं ते. मी खोटं बोललो. तुझ्या आईला माहीत होतं."

मर्ना स्टुलावर बसली. त्याच स्टुलावर एकदा हेल्मी बसली होती. "आणि बाबांना?"

"मला कधी विचारलं नाही त्यानं. मीही नाही विचारलं."

ती किती तरी वेळ रडली. "मी झिजकी म्हणाले हो हिला," ती म्हणत होती. "त्यांना हाक मारून म्हणाले. भंगारात द्या म्हणाले."

टाउनोने तिच्यासाठी कॉफी ओतली. मग दोघांनी मिळून मला धुतले, तेल लावले, नळीतून कितीदा तरी फडकी फिरवली. प्रत्येक फडके लाल होऊन बाहेर येत होते. दोन दिवसांनी ते मला खडीच्या खाणीत घेऊन गेले. टाउनोने माझ्या पाठीवर थोपटले. "चल, दाखव तिला," तो म्हणाला.

मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. मर्नाने वडिलांनी शिकवल्याप्रमाणे श्वास सोडला, चाप हळूहळू दाबला. तिचा नेम जराही हलला नाही. तीन गोळ्या गेल्या. एक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, एक डावीकडे खाली, आणि एक कागदाला लागलीच नाही.

टाउनोने नळीत उजेड टाकून आत पाहिले. जिथे पीळ होते तिथे खड्डे पडले होते. त्याने दिवा बंद केला.

"काका, स्क्रू बघू या का? नाहीतर दस्ता? तुम्ही मागं केलं होतं ना सगळं?"

"ते सगळं जागच्या जागी आहे, पोरी. गोंदही तसाच आहे. पण जे पोलाद गंजानं खाल्लं, ते मला परत आणता येत नाही." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी तेव्हा रेइनोला म्हणायला हवं होतं, की झिजली असली तरी तेल लाव. तेवढं एक वाक्य राहिलं माझं."

नवी नळी बसवायची गोष्ट दोघांनीही काढली नाही. मर्नाने मला पुन्हा कधी जंगलात नेले नाही. जिची गोळी कुठे जाईल हे सांगता येत नाही, ती घेऊन जनावरासमोर उभे राहायचे नाही, हे तिला घरातच शिकवले गेले होते. तिच्या डुलूथच्या घरात, कोरड्या खोलीत, मी उघड्यावर असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती खिडकीशी बसून माझ्यावर तेलाचे फडके फिरवते. तिची मैत्रीण एकदा म्हणाली, "अगं, मारत नाहीस, विकत नाहीस, मग एवढं पुसतेस कशाला?" मर्ना म्हणाली, "हिला आमच्या घरानं फार वर्षं विचारलं नाही गं." आणि ती पुसत राहिली.

आता मी कुणाला दोष देत नाही. टाउनोला नाही, हेल्मीला नाही, रेइनोला तर नाहीच. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू कुणीतरी बिघडली म्हणून कोपऱ्यात ठेवली असेल, तर एकदा ती हातात घेऊन बघा. तिची कागदपट्टी फिरवा, स्क्रू तपासा, ज्या हातात ती होती त्या हाताचीही चौकशी करा. आणि मायेपोटी एखादे खोटे आमच्यासारख्या मुक्या वस्तूवर टाकावेच लागले, तर खुशाल टाका. आम्ही ते वाहू. फक्त आम्हाला ओलीत सोडू नका. आम्ही कधी तुमच्या उपयोगाच्या होतो, हे सिद्ध करायला आमच्याकडे आमच्या अंगाशिवाय दुसरे काही नसते.